वायूची टाकी येण्याआधी नाला तपासा

महोदय,

द्रवरूप नैसर्गिक वायूचे, म्हणजे एलएनजीचे पंप आता विदर्भातही येऊ लागले आहेत. गुजरातमधल्या दहेजसारख्या बंदरावर उतरलेला हा वायू टँकरने गावाच्या शिवारात येतो आणि पंपावरच्या टाकीत साठवला जातो. त्याची सुरक्षा तपासणी मात्र आपल्या जमिनीची आणि हवेची व्हायला हवी, दुसरीकडच्या अहवालाची नक्कल नको.

हा वायू उणे १६२ अंशांना द्रव असतो. सांडला की सुमारे ६०० पट पसरतो आणि थंड असेपर्यंत हवेपेक्षा जड असल्याने उताराकडे सरकतो. आपल्याकडे उताराला नाला असतोच. म्हणून आधी टाकीभोवतीचा बांध पाहावा. त्यात भरलेल्या टाकीतला सगळा द्रव मावायला हवा. पण घात होतो तो पावसाळ्यात. साचलेले पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर बांध असून नसल्यासारखा. असा व्हॉल्व्ह ठेवूच नये. पाणी बांधाच्या आतल्या खड्ड्यात गोळा करून पंपानेच उपसावे आणि खड्ड्यात अतिथंड द्रव उतरताच पंप आपोआप बंद पडावा. अमेरिकेत क्लीव्हलँडला १९४४ साली टाकी फुटली, वायू गटारांत शिरला आणि सुमारे १३० माणसे गेली.

सांडलेल्या वायूचा ढग किती दूर जाईल याचे गणित केवळ दुपारच्या वाऱ्यावर मांडू नये. हिवाळ्यातल्या रात्री वारा पडतो, तेव्हा ढग न विरता लांब जातो. सेकंदाला २ मीटर वारा आणि स्थिर हवा, म्हणजे ‘२ एफ’ स्थिती धरूनच अंतर काढावे. उन्हाळ्यात धोका वेगळा. दिसतो तो पांढरा ढग हवेतल्या बाष्पाचा असतो. हवा कोरडी असली की ढग संपतो त्याच्याही पुढे वायू असू शकतो, आणि याला घरच्या सिलिंडरसारखा वास नसतो. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगी पुरते. त्याच दिवसांत आपण शेताचे धुरे (बांध) पेटवतो!

सांडलेल्या द्रवावर पाणी मारू नये. तो आणखी भराभर उकळतो. पाणी शेजारची टाकी गार ठेवण्यासाठी, आगीसाठी कोरडी पावडर. तालुक्याच्या बंबात ती आहे का, बंब किती मिनिटांत पोहोचतो, हे अहवालात लिहून घ्यावे.

अशा टाक्यांना परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. ग्रामसभेने जोखीम विश्लेषण, बांधाचे आरेखन आणि नाल्याचा नकाशा मागावा, तोही मराठीत आणि ना-हरकत देण्याआधी.

– वायू सुरक्षेच्या कामातील एक अभियंता, हिंगणघाट, जि. वर्धा