डी गेला

पुणे, रविवार दुपार

प्रिय नंदे,

डी गेला गं. आपल्या काळ्या कीबोर्डचा. तोच, ज्याच्या भावावरून तू तापकीर गल्लीत इतकी भांडलीस की शेवटी दुकानदाराने माउसपॅड फुकट देऊन आपल्याला वाटेला लावलं.

घरात सांगितलं तर प्रशांत म्हणाला, "नवा आण की, सात-आठशेला मिळतो." सासूबाई म्हणाल्या, "बाकीची बटणं चालतात ना?" आता या दोघांना काय सांगू? फोन करणार होते, पण रविवारी सकाळी तुला उठवलं की तू कशी बोलतेस ते मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

आधी तब्येती उरकते. बाबांची साखर तिथेच. माझ्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, डॉक्टर म्हणाले हात उशाखाली घेऊन झोपू नका. झालं.

तर डी. सुरुवातीला तो कधीकधी दोनदा उमटायचा. कधी दोनदा, कधी एकदाही नाही. मी आतली धूळ साफ केली, आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं, चार दिवस शहाण्यासारखा वागला आणि पुन्हा तेच. मग गल्लीतल्या एका रिपेअरवाल्याने झकास युक्ती केली. स्क्रोल लॉकच्या बटणाखालचा स्विच उपसून त्याने डीच्या जागी डाग लावून बसवला. स्क्रोल लॉक जन्मात कोणी दाबलंय? पण आपल्या कीबोर्डचे स्विच सोल्डर केलेले, आणि दुसऱ्यांदा तापवताना खालच्या सर्किटवरचा तांब्याचा ठिपकाच उचलून आला. आता तिथे कुठलाही स्विच बसवला तरी उपयोग नाही.

आणि तुला ठाऊक आहे माझं काम काय आहे. मराठी मजकूर, रोज, पानंच्या पानं, इन्स्क्रिप्ट कळफलकावर. इन्स्क्रिप्टमध्ये डी म्हणजे पाय मोडायचं बटण. डी नाही तर जोडाक्षर नाही. परवा एका शाळेच्या स्मरणिकेत मी 'मुखयाधयापक' आणि 'विदयारथी' असं छान लिहून बसले होते. एकट्या 'राष्ट्रीयत्व'ला तीन वेळा डी लागतो. दोनदा उमटला तर अक्षर जुळायच्या ऐवजी फुटतं, आणि ते प्रूफात सापडेपर्यंत डोळे फुटतात.

आता तू म्हणशील, "रेमिंग्टन सोडलंस ना, भोग." मला ऐकू येतंय. तुझ्या त्या टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन कळफलकात अर्ध्या अक्षरांना आपापली बटणं, काना मारला की अक्षर पूर्ण, हलंताची मिजास नाही. मान्य. पण टायपिंगच्या क्लासमध्ये 'बकमानजसवप' घोकून तू मराठी 30ची परीक्षा पास झालीस आणि त्यानंतर आजवर मला 'kashi ahes' असं... बघ, तुझ्यामुळे माझ्या पत्रात रोमन लिपी घुसली. मला फितूर म्हणणारी तू! इन्स्क्रिप्ट 1986 पासून सरकारी प्रमाण आहे, कुठल्याही विंडोजमध्ये असतं, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, दोन्ही हात आळीपाळीने चालतात. हे भांडण मी जिंकलेलं आहे, तू फक्त कबूल केलेलं नाहीस.

पण खरं दुखणं पुढे आहे, आणि ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यात अर्थ नाही. डी म्हणजे गेममध्ये उजवीकडे सरकायचं बटणसुद्धा.

डब्ल्यू, ए, एस, डी. इन्स्क्रिप्टमध्ये ही चार बटणं म्हणजे ऐची मात्रा, ओची मात्रा, एची मात्रा आणि हलंत. काउंटर स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये ही चार बटणं म्हणजे तुझे पाय. (भाषा मराठीवर राहिली आणि चॅट उघडं असलं की स्क्रीनवर नुसता मात्रांचा पाऊस. भाचेबुवा ओम ते स्क्रीनशॉट काढून मित्रांना दाखवतो.) डावीकडे पळताना जागच्या जागी थांबायचं तर उलटं बटण टिचकीभर दाबायचं, मग गोळी सरळ जाते, हे कोणी शिकवलं होतं मला? "थांब, मग झाड," असं तू कॅफेभर ओरडायचीस आणि ती सगळी मुलं वळून बघायची. ते थांबणंही डीवरच. म्हणजे दिवसा पैसे मिळवून देणारं बटण आणि रात्री जीव वाचवणारं बटण एकच, आणि दोन्ही कामांना त्याच्याकडून हवं ते अगदी उलटं.

लिहिताना मला बोटाखाली कळायला हवं की बटण लागलं. ब्राउन जातीच्या स्विचमध्ये वाटेत बारीकसा उंचवटा लागतो, तो ओलांडला की अक्षर पडलं, तळापर्यंत दाबायची गरज नाही. खेळताना तो उंचवटा नको. तिथे रेड बरा, वरपासून खालपर्यंत सरळ, पंचेचाळीसेक ग्रॅमचा दाब, 4 मिलिमीटरच्या वाटेत 2 मिलिमीटरला लागतो. आणि ब्लू? ब्लूचं नाव काढू नकोस. हॉस्टेलवर रात्री दोनला तू त्या कटकट वाजणाऱ्या ब्लूवर असाइनमेंट बडवत होतीस आणि मी उशी फेकली होती, ते मी अजून विसरलेले नाही. शिवाय ब्लूला सुटायला जरा जास्त वर यावं लागतं, त्यामुळे भराभर दोनदा दाबायचं तर चुकतो. बँकेच्या काउंटरवर तो कडकडणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड असतो ना, तो मला मनापासून आवडतो. दणकट, वर्षानुवर्षं चालणारा. पण आमच्या दोन खोल्यांत सासूबाई भिंतीपलीकडे झोपतात आणि त्यांची झोप म्हणजे सशाची.

मग प्रशांतचा सात-आठशेवाला का नको? त्याच्यात खाली रबराचा पडदा असतो. प्रत्येक अक्षराला बटण पार तळाला नेऊन आपटावं लागतं, दिवसभर. हळूहळू रबर मऊ पडतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, जिथे जास्त दाबलं जातं तिथे आधी. म्हणजे पुन्हा डीच. आणि एकदम तीन-चार बटणं दाबली की त्यातलं एखादं गिळतो. आठवतंय, कॅफेत एकाच कीबोर्डवर दोघी मुस्तफा गेम खेळायचो आणि तू उडी मारलीस की माझा माणूस जागीच गोठायचा? मी वर्षभर समजत होते की तू मुद्दाम कोपर लावतेस. तो कीबोर्डचा दोष होता. (एकदा तू खरंच कोपर लावलं होतंस. ते वेगळं.)

मी आता दुकानात जाऊन आधी तेच तपासते. दोन्ही शिफ्ट दाबून धरायच्या आणि एक वाक्य टाइप करायचं, अक्षरं गळाली की कीबोर्ड परत. मग नोटपॅडमध्ये 'राष्ट्रीयत्व' लिहायचं. मग स्पेसबार आणि एंटर कडेला दाबून बघायचे, खुळखुळ वाजले की खालची आधाराची तार नीट बसवलेली नाही. परवाच्या दुकानदाराने माझ्याकडे बघून पोऱ्याला सांगितलं, "मॅडम सरकारी परीक्षेच्या दिसतात, स्टूल दे."

ओमचं म्हणणं वेगळंच. "मावशी, हॉल इफेक्ट घे." त्यात पत्र्याला पत्रा टेकत नाही. बटणात चुंबक, खाली सेन्सर, बटण किती खाली गेलं ते सतत मोजत राहतो. त्यामुळे किती दाबल्यावर लागायचं ते सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं, प्रत्येक बटणाला वेगळं. बोट किंचित उचललं की लगेच सुटतं, त्याला रॅपिड ट्रिगर म्हणतात, नेदरलँड्सच्या वूटिंगने ते गाजवलं. झिजायला पत्राच नाही म्हणजे दोनदा उमटायचं दुखणंही नाही. ऐकून मी विरघळलेच. रात्री डी अर्ध्या मिलिमीटरला, सकाळी डी 2 मिलिमीटरला! नंदे, हे आपल्याला कॅफेत मिळालं असतं तर त्या कोथरूडच्या पोरांचं काय झालं असतं?

पण दोन रात्री ओमच्या घरी त्याच्यावर टाइप करून पाहिलं. उंचवटा नाही. कितीही सेटिंग बदला, बोटाला काही सांगतच नाही तो. अर्ध्या मिलिमीटरवर राहिला तर नुसतं बोट टेकलं तरी हलंत पडतो, मग मला आख्खा मजकूर पाय मोडलेला मिळतो. आणि महागही. शिवाय ओम ज्यासाठी त्याच्या एवढा प्रेमात आहे, ए आणि डी दोन्ही दाबले तर शेवटी दाबलेलं तेवढं खरं धरायचं, ते तर गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट 2024 मध्ये काउंटर स्ट्राइकच्या अधिकृत सर्व्हरवर बंदच केलं. चालू ठेवलंस तर सामन्यातून बाहेर. मला हे आवडलं, खरं सांगते. थांबणं हे बोटाचं कसब आहे, ते कीबोर्डने का करावं? ओम म्हणाला, "तुमच्या काळात..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

मध्येच विचारते, नाहीतर राहील. नव्या घराची किल्ली मिळाली का? आरुषला किंडरगार्टनमध्ये जागा मिळाली का, आणि तो अजून सगळ्यांना 'हॅलो काकू' म्हणतो का? तुझ्या ऑफिसातल्या त्या बाईचं काय झालं? सविस्तर लिही, मी खरंच वाचते.

हं, आणि तू येताना जर्मनीहून कीबोर्ड आणते म्हणालीस ते प्लीज नको. झेड आणि वायची अदलाबदल मला चालेल, मी बटणांकडे बघतच नाही. पण तिकडच्या कीबोर्डची डावी शिफ्ट तोकडी असते, तिच्या शेजारी एक जास्तीचं बटण कोंबलेलं. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ, आणि आपला ळ, सगळे डाव्या करंगळीने शिफ्ट धरून येतात. माझी करंगळी दर वाक्याला त्या आगंतुक बटणावर पडेल आणि मी तुला शिव्या देईन. चेरी कंपनीचं आउरबाख तुझ्या न्यूरेंबर्गपासून जवळच ना? ज्यांच्या रेड-ब्राउनच्या नावांनी आपण भांडतो, त्यांचं गाव. तिकडे कधी गेलीस तर माझा नमस्कार सांग.

तर मी ठरवलंय असं. 87 बटणांचा, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला. माउस जवळ येतो, उजवा खांदा बाहेर ताणावा लागत नाही. प्रशांतला जीएसटी भरायला आकडे हवेतच, त्याला वेगळा छोटा नमपॅड घेऊन देते, यूएसबीचा, म्हणजे तो माझ्या टेबलावरूनही उठेल. मागचे पाय उघडायचे नाहीत, कीबोर्ड सपाट ठेवला की मनगट वर मुडपत नाही. बटणांच्या टोप्या पीबीटी प्लास्टिकच्या, आपल्या काळ्याच्या एबीएसच्या होत्या म्हणून तेलकट चमकायला लागल्या होत्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हॉट-स्वॅप. स्विच चिमट्याने उपटायचा, नवा दाबून बसवायचा, डाग नाही, तापवणं नाही. फक्त दुकानदाराला आधी विचारायचं की तीन पायांचे बसतात की पाच पायांचेही. डी पुन्हा गेला तर दोन मिनिटांत दुसरा डी.

सगळीकडे ब्राउन. डब्ल्यू, ए, एसखाली रेड. एची मात्रा, ओची मात्रा चुकली तर दिसते तरी, लगेच खोडता येते.

राहता राहिला डी. कालपासून मी तिथेच अडकलेय. रेड बसवला तर रात्री मजा, पण सकाळी 'शिष्यवृत्ती' लिहिताना प्रत्येक वेळी मान वर करून बघायचं की पाय मोडला की नाही. ब्राउन बसवला तर ए हलका आणि डी जड, म्हणजे डावीकडून उजवीकडे थांबताना क्षणभर उशीर, आणि डस्ट टू नकाशातल्या लाँग वाटेवर तेवढ्यात मी आडवी. पैसे सकाळच्या डीचे येतात, म्हणून माझं मत ब्राउन. ओमचं मत रेड. प्रशांतचं मत सात-आठशे. तू मात्र विचार करून सांग, आणि मी म्हातारी झाले वगैरे म्हणायचं असेल तर तुझा चष्म्याचा नंबर आधी लिही.

काळा कीबोर्ड मी टाकलेला नाही. त्याचे बाकीचे स्विच चांगले आहेत, रिपेअरवाला उपसून देतो म्हणालाय, सुटे भाग म्हणून डब्यात राहतील. अर्धे तुझे. अर्ध्या पैशांचा हिशेब तू अजून चुकता केलेला नाहीस, पण तरी अर्धे तुझे.

डिसेंबरची तिकिटं काढलीस की कळव. चॉकलेटं नकोत. सुटे ब्राउन स्विच मिळाले तर मूठभर आण, सामानात वजन होत नाही.

आणि उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवायचं नाही. टाइप करायचं. रेमिंग्टनमध्ये केलंस तरी चालेल.

तुझी,
सुमी

ता.क. ओम विचारतोय, नंदामावशी अजून खेळते का. मी हो म्हणून सांगितलंय. शनिवारी रात्री साडेदहा, आमच्या घड्याळाने. आता निस्तर.