नंद्या, पायरीला किती मार्क देशील?

इंदूर, रविवार

प्रिय नंद्या,

दिवाळीतलं तुझं पत्र अजून टेबलावर आहे, तेव्हा शिव्या आधीच मान्य. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, आणि सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजारही आहे तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. परवा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची डिझाइन ज्युरी झाली आणि मला सारखा तुझ्या आजीचा वाडा आठवत होता. यावरून काय ते समज.

विषय होता, अरण्य या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेल्या इथल्या वसाहतीलगत लहान घरं. म्हणून पोरांना आधी अरण्यात हिंडवलं. निम्मी पोरं घरांकडे पाठ करून फोनवर पिंटरेस्ट बघत होती. एकानं विचारलं, "सर, यात दोशींचं काय आहे?" मला साक्षात तू दिसलास! "जोतं, मोरी, संडास आणि एक खोली. ऐंशी नमुना घरं उभी केली, बाकी लोकांवर सोडलं. मग फी कशाची घेतली?" या वाक्यावरून आपण हॉस्टेलच्या गच्चीवर रात्र जागवली होती. अरण्यला मिळालेला १९९५चा आगा खान वास्तुकला पुरस्कारही तू तिथल्या रहिवाशांना वाटून टाकला होतास. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. ल कॉर्बुसिएसारख्या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या हाताखाली पॅरिसला राहून आलेला माणूस इंदुरात घरं काढायची म्हणून आधी इथल्या झोपडपट्ट्यांचा अभ्यास करवतो, लोक दाराबाहेर किती जगतात ते बघतो आणि मग ३५ चौरस मीटरच्या प्लॉटलाही ओटा देतो. याची फी नाही घ्यायची तर कशाची घ्यायची? असो. तू इथे नाहीस म्हणून मी जिंकलो.

तर एक मुलगी टेप घेऊन एका बाहेरच्या जिन्यापाशी बसली ती उठेचना. तिसऱ्या पायरीवर एक आजी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांच्या मांडीखाली पायरी पुरत नव्हती, म्हणून घरच्यांनी कडेला फरशीचा तुकडा बसवून ती रुंद केलेली. पोरीनं तो तुकडा मोजला, सेक्शन काढला आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "दहापर्यंत ऊन, नंतर आजी." तिच्या डिझाइनमध्ये प्रत्येक जिन्याच्या खालच्या पायऱ्या दुप्पट रुंद आहेत, अर्ध्या चढायला, अर्ध्या बसायला. जिन्याखाली सिलिंडर. बास, एवढंच. पण प्लॅन असा बसलाय की तू काढला असतास तर वर्षभर मला ऐकवलं असतंस.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हे डॉक्युमेंटेशन झालं. कन्सेप्ट कुठाय?" तुझ्या आजीच्या वाड्याच्या शीटवर तू ऐकलेले तेच शब्द, नंद्या! इतक्या वर्षांत एक शब्द बदललेला नाही. तिला फेरज्युरी. आणि ज्यानं डेन्मार्कमधली कुठलीशी इमारत उचलून पश्चिमेला अख्खी काच लावली, तो पहिला. मी विचारलं, मे महिन्यात आत कोण राहणार? तर म्हणे एसी. मी भांडलो, पण मत एकच ना माझं.

तेही चाललं असतं. मार्कांचं काय एवढं! पण संध्याकाळी ती पोर केबिनमध्ये आली. रडली वगैरे नाही, अगदी शांतपणे विचारलं, "सर, पुढच्या वेळी मीही फोटोंपासूनच सुरुवात करू का?" मी म्हटलं, उद्या बोलू. तो उद्या अजून आलेला नाही. मी कॉरिडॉर बदलून जातो. हो म्हणालो तर ती पास होईल आणि पुन्हा कधी पायरीशी बसणार नाही. नाही म्हणालो तर तिच्या वर्षाची जबाबदारी माझी, फी तिच्या वडिलांची. तुला त्या वेळी कोणी काय सांगितलं होतं? की कोणी काहीच सांगितलं नाही, म्हणून तू टॉवर काढायला लागलास? चिडू नकोस, खरंच विचारतोय.

फेरज्युरीला नवा परीक्षक हवाय. तुला न विचारता तुझं नाव दिलंय. तिला पास कर असं म्हणत नाही, शीट नीट बघ एवढंच. फाडायचं तर फाड, पण वाचून.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांचा व्हिसा? त्या बिल्डरनं उरलेले पैसे दिले का? तारीख ठरली की फोन करतो. रात्रीची बस धर, मी घ्यायला येतो.

तुझा,
सुध्या