ताई, त्या कादंबरीसाठी आणि व्हॉइस नोट्ससाठी थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तू "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तू बाल्टिमोरहून पाठवलेली ती रहस्यकादंबरी काल रात्री संपली. गावातून एकेक ब्लॅक मुलगी गायब होतेय, नायिकेच्या घरातल्या बायकांना काहीतरी माहितीये आणि कुणी तोंड उघडत नाही. मी अर्ध्यात अडकले होते, कारण पोटची पोरगी हरवल्यावर आजी पोलिसांकडे दुसऱ्यांदा जातच नाही हे मला काही केल्या पटेना.

तेव्हा तू ड्युटीवरून दमून आल्यावरसुद्धा एवढ्या लांबलचक व्हॉइस नोट्स पाठवल्यास गं. पोलिसांनी 'रनअवे' म्हणजे पोरगी आपणहून पळाली असं लिहिलं की अँबर अलर्ट, म्हणजे हरवलेल्या मुलांसाठी लोकांना दिली जाणारी तातडीची सूचना, निघत नाही, त्याला अपहरणाचा संशय लागतो, आणि ब्लॅक मुलींवर हा शिक्का फार पटकन बसतो. मग टमिका ह्यूस्टन या हरवलेल्या ब्लॅक मुलीचं सांगितलंस, 2004, साउथ कॅरोलिनातलं स्पार्टनबर्ग, वय 24. घरातली एक बाई स्वतः पीआरमधली (म्हणजे प्रसिद्धीचं काम करणारी), तरी नॅशनल चॅनलवाल्यांनी बातमी घ्यावी म्हणून तिचा जीव मेटाकुटीला आला! त्याच वर्षी पत्रकार ग्वेन आयफिल यांनी या प्रकाराला, म्हणजे गोरी बाई हरवली की बातम्याच बातम्या आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष याला, 'मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम' म्हटलं. आणि टमिकाच्याच केसमुळे हलून जाऊन डेरिका आणि नॅटली विल्सन या नात्यातल्या दोघींनी 2008 मध्ये तुमच्या मेरीलँडात हरवलेल्या ब्लॅक लोकांसाठी ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन काढलं, एक पोलिसात काम केलेली, दुसरी पीआरवाली, म्हणजे जिथे जिथे दार बंद होत होतं नेमकं तिथलंच माहीत असलेल्या. कॅलिफोर्नियात हरवलेल्या 12 ते 25 वयाच्या ब्लॅक मुलामुलींसाठी वेगळा एबनी अलर्ट आला तो थेट 1 जानेवारी 2024 ला, किती उशीर!

हे ऐकून मी ते पोलीस स्टेशनचं पान परत काढलं. आजी काउंटरवर फोटो ठेवते, समोरचा माणूस तो उचलतसुद्धा नाही, मान खाली घालून लिहीत राहतो, आणि ती फोटो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवते. त्या घरातलं गुपित तिथेच सुरू होतं ताई. तिने लपवलं ते लाजेने नाही, कुणी ऐकणारच नाही हे तिला कळून चुकलं होतं. शेवटी खुनी कोण ते कळलं तेव्हा धक्का बसला, पण रडू आलं ते या पानावर.

पुस्तक आता वहिनीकडे दिलंय, तुझ्या व्हॉइस नोट्सपण फॉरवर्ड केल्यात, चालेल ना? आणि दिवाळीत येताना अशी अजून एक आण.

तुझीच,
धाकटी