प्लाथच्या मृत्यूपलीकडे

महोदय,

रविवार पुरवणीतला आधुनिक अमेरिकन कवयित्रींवरचा लेख वाचला. बाईने कवितेतून स्वतःला नव्याने घडवणे हा विषय उत्तमच, पण अर्ध्याहून अधिक जागा सिल्व्हिया प्लाथच्या आत्महत्येने व्यापली. आपल्याकडे हे नेहमीच होते.

त्यात प्लाथवरही अन्यायच होतो. तिने ‘एरियल’ या आपल्या कवितासंग्रहाची जी मांडणी करून ठेवली होती, ती ‘प्रेम’ या शब्दाने सुरू होऊन ‘वसंत’ या शब्दावर संपत होती. ती १९६३ मध्ये गेली. १९६५ मध्ये तिचे पती, कवी टेड ह्यूज यांनी काही कविता गाळून, काही घालून, क्रम बदलून संग्रह छापला आणि त्याचा शेवट काळवंडला. मूळ मांडणी वाचकांपुढे यायला २००४ उजाडले!

एड्रियन रिचचा मात्र लेखात ओझरता उल्लेख. तिचा पहिला संग्रह १९५१ चा. प्रस्तावनेत ज्येष्ठ कवी ऑडेन यांनी त्या कवितांची केलेली तारीफ मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांनी करावी तशी आहे : नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या, थोरामोठ्यांचा मान राखणाऱ्या. मग लग्न आणि तिशीच्या आत तीन मुलगे. पोरे झोपली की, कधी पहाटे तीनला, तुकड्यातुकड्यांनी तिने ‘स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ’ ही सुनेवरची दीर्घकविता लिहिली. त्यातली बाई ‘ती’च राहिली, कारण ‘मी’ म्हणायचे धाडस तेव्हा नव्हते, असे रिचनेच पुढे लिहून ठेवले आहे. १९७३ च्या ‘डायव्हिंग इनटू द रेक’मध्ये बुडालेल्या जहाजापर्यंत उतरणारी ‘मी’च आहे. खाली गेल्यावर ती बाईही होते, पुरुषही. या संग्रहाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले तेव्हा तिने ते एकटीने घेतले नाही. त्याच पुरस्कारासाठी नामांकन मिळालेल्या ऑड्री लॉर्ड आणि अ‍ॅलिस वॉकर यांच्यासह सर्व स्त्रियांच्या वतीने स्वीकारले.

ग्वेंडोलिन ब्रुक्सचे तर नावही नाही. १९५० मध्ये पुलित्झर मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय लेखक. नाव झालेले, प्रकाशक मोठा. तरीही १९६७ मध्ये, पन्नाशीला टेकलेली असताना, फिस्क विद्यापीठातल्या संमेलनात तरुण कृष्णवर्णीय कवींना ऐकून ती हादरली. पुढे मोठा प्रकाशक सोडून ती डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेस या छोट्याशा कृष्णवर्णीय प्रकाशन संस्थेकडे गेली. मला तरी हा बदल सर्वांत अवघड वाटतो. तिला त्यात मिळवायचे काहीच नव्हते.

पुरवणीत जागा असेल तर पुढचा लेख ब्रुक्सवर द्यावा, आणि सोबत तिच्या दोन-तीन कवितांचे मराठी अनुवादही.

— एक वाचक, सांगली