चि. ओंकारला, भूगोलाच्या पेपराआधी

ऐरोली, नवी मुंबई

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

सगळे पाठ वाचून झाले, असं फोनवर म्हणालास. मग आता पुस्तक बाजूला ठेव आणि हात चालव. 40 गुणांच्या पेपरात नकाशा भरणं 4, नकाशावाचन 4, भौगोलिक कारणं 6 आणि आलेख 6. म्हणजे निम्मा पेपर नुसत्या पाठांतराला दाद देत नाही.

रोज ब्राझीलचा एक आणि भारताचा एक कोरा आराखडा घे. ब्राझीलवर आधी फिकट पेन्सिलीने दोन रेषा मार: विषुववृत्त ॲमेझॉनच्या मुखाजवळून, मकरवृत्त साओ पावलोजवळून. त्या बरोबर बसल्या की बाकीचं आपोआप जागेवर येतं. मॅनॉस विषुववृत्ताच्या जरा खाली, देशाच्या आतल्या बाजूला. भारतात कर्कवृत्त भोपाळ आणि रांचीच्या किंचित उत्तरेने जातं. नकाशात फक्त चिन्ह किंवा छटा दे, नाव सूचीत लिही. सूची राहिली तर बरोबर जागी काढलेल्या चिन्हाचाही अर्थ परीक्षकाला कळत नाही. आणि नकाशा पुरवणीला बांधायला विसरू नकोस.

आलेखात मुलं प्रमाणावर अडखळतात. भारताची लोकसंख्या 1961 साली सुमारे 44 कोटी, 2011 साली 121 कोटी. 1 सेमी = 5 कोटी घेतलंस तर शेवटचा स्तंभ 24 सेमीच्या वर जाईल, शीर्षकाला जागाच उरणार नाही. 1 सेमी = 10 कोटी घे; मग 1 मिमी म्हणजे 1 कोटी आणि 44 कोटींचा स्तंभ 4.4 सेमीचा. स्तंभ सारख्या रुंदीचे हवेत, मधलं अंतरही सारखं. प्रमाण वरच्या कोपऱ्यात आधीच लिहून टाक, शेवटी घाई होते.

भौगोलिक कारणांत तू माहिती भरपूर लिहितोस, पण 'त्यामुळे' कुठे दिसत नाही. मावशीच्या घरापासून घोडबंदरची खाडी जवळच आहे, तर तेच उदाहरण घेऊ. पश्चिम किनाऱ्यावर नद्यांना त्रिभुज प्रदेश का नाहीत? सह्याद्री किनाऱ्याला लागून, त्यामुळे उल्हाससारख्या नद्या आखूड; उतार तीव्र, त्यामुळे वेग जास्त; वेगामुळे गाळ मुखाशी साचत नाही, म्हणून तिथे खाड्या तयार होतात. इतकं पुरे. मात्र नर्मदा-तापी लांब असूनही त्रिभुज प्रदेश करत नाहीत, त्या खचदरीतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून वाहतात. म्हणून 'पश्चिमवाहिनी सगळ्या नद्या आखूड' असं ठोकून देऊ नकोस.

ब्राझीलचा अवर्षण चतुष्कोन, म्हणजे ईशान्येकडचा कमी पावसाचा पट्टा, हाही असाच सोडव. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे अजस्र कड्याला, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कड्याला अडतात, किनाऱ्यावर पाऊस पडतो, पलीकडे वारे कोरडे होऊन उतरतात आणि ईशान्येकडचा भाग पर्जन्यछायेत जातो. यातला मधला दुवा गाळलास की उत्तर अर्धवट राहतं.

वेळेचं गणितही पक्कं कर. भारताचं प्रमाणवेळेचं रेखावृत्त 82°30' पूर्व, ब्राझीलचं 45° पश्चिम. दोन्ही मूळ रेखावृत्ताच्या दोन बाजूंना, म्हणून बेरीज: 127°30'. दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 510 मिनिटं, साडेआठ तास. ठाण्यात दुपारचे 2 वाजले तेव्हा ब्राझीलियात पहाटेचे साडेपाच. वजाबाकी केलीस तर अडीच तास येतात, आणि तसा पर्याय दिसला की मुलं डोळे मिटून खूण करतात.

तापमानाचा आलेख वाचताना गोलार्ध आधी बघ. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात, तिथे जून-जुलै म्हणजे हिवाळा. वक्र भारतापेक्षा उलटा दिसला म्हणून गोंधळू नकोस.

जोड्या आणि एका वाक्यातल्या उत्तरांना फार वेळ देऊ नकोस, ती तुला येतात. स्टेन्सिल, दोन टोकदार पेन्सिली, खोडरबर आणि 30 सेमीची पट्टी आजच कंपासच्या पिशवीत टाक. पेपर दोनच तासांचा आहे, आलेख शेवटच्या वीस मिनिटांवर ढकलू नकोस.

मावशीला नमस्कार सांग.

तुझी,
आई