खाडीवरच्या नव्या पुलांवर सायकलला जागा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवस-रेडी सागरी महामार्ग आणि त्यावरचे खाडीपूल यांच्या बातम्या मी नेमाने वाचते. हे पत्र त्या पुलांबद्दल आहे.

मी गुहागर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय 61. गेल्या जूनमध्ये मी आणि माझे यजमान फ्रान्सला, नांत शहरात मुलीकडे गेलो होतो. तिथे भाड्याने सायकली घेतल्या, कॅरियरला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधल्या आणि अटलांटिक किनाऱ्याने आर्काशोंपर्यंत गेलो. रोज 35-40 किलोमीटर, मध्ये दोन दिवस विश्रांती, असे 18 दिवस. ब्रिटनीतल्या रोस्कोफपासून स्पेनच्या हद्दीवरच्या आंदायपर्यंत 1200 किलोमीटरहून लांब सायकलमार्ग आखलेला आहे. त्याच्या पाट्या बघत जायचं, एवढंच काम.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते पाणी ओलांडणं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर आमचं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून असेल. पहिल्याच दिवशी कुएरोंला लुआर नदी आडवी आली. फेरीबोट तिथल्या जिल्हा प्रशासनाची. मी पैसे काढले तर खलाशाने मान हलवली, तिकीटच नसतं! पुढे नुआरमुतिए बेटाकडे जाणारा गुआचा रस्ता लागला. चार किलोमीटरहून लांब, दगडी, आणि दिवसातून दोनदा पूर्ण समुद्राखाली जाणारा. पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, तेवढ्यात पार व्हायचं. वाटेत उंच खांबांवर माचाण बांधलेत, कुणी भरतीत अडकलाच तर चढून बसायला. यजमानांनी वेळांच्या तक्त्यावर बोट ठेवून तिथी विचारली. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना उधाण तिथीवरूनच कळतं. ओल्या शेवाळावरून सायकल चालवताना दोन्हीकडे शिंपल्या वेचणारी माणसं वाकलेली दिसत होती. मला आमची ओहोटीची खाडी आठवली आणि खरंच डोळे भरून आले.

आता मुद्दा. लुआरच्या मुखावर सें-नाझेरचा पूल आहे, 1975 साली झालेला, तीन किलोमीटरहून लांब. त्यावर सायकलसाठी वेगळा, सुरक्षित मार्ग नाही. आम्ही दक्षिण टोकाला उभे राहून पाहिलं: उंच चढ, समुद्रावरून येणारा आडवा वारा आणि शेजारून ट्रक. यजमान म्हणाले, "नको." आम्ही तो पूल सोडून दिला. आठवड्याभराने ला रोशेलहून रे बेटावर जाणारा पूल लागला. 1988 चा, हाही जवळजवळ तीन किलोमीटर, मध्ये कमानीसारखा उंच. पण याच्यावर सायकलींना गाड्यांपासून वेगळी वाट आहे. मोटारींना टोल, सायकल फुकट. वारा इथेही तसाच होता. मी चढावर दोनदा उतरले, सायकल ढकलली, कठड्याला धरून खाली समुद्र बघितला, आणि एकदाही भीती वाटली नाही. पलीकडे बेटावर मिठागरांच्या बांधांमधून वाट जाते. तिथेच आम्ही विश्रांतीचे दोन दिवस काढले. दोन्ही पूल एकाच देशातले. दुसरा बांधताना सायकलची वाट धरली होती, पहिल्यात राहून गेली, आणि इतक्या वर्षांनंतरही ती पुरती भरून काढता आलेली नाही.

तिथे जुन्या सोयीही टाकून दिलेल्या नाहीत. रोशफोरला शारांत नदीवर 1900 सालचा लोखंडी पूल आहे. उंच सांगाड्याला तारांनी एक तराफा टांगलाय, तो माणसं आणि सायकली घेऊन पाण्यावरून सरकतो. मोटारींसाठी वेगळा पूल कधीच झाला, तरी हा दुरुस्त करून 2020 मध्ये पुन्हा सुरू केला. रोयांहून जिरोंद खाडीच्या मुखावर मोठी फेरीबोट मिळाली, तिच्यावरून कोर्दुआंचं दीपगृह दिसतं. शेवटी आर्काशोंलाही लाँचनेच उतरलो.

आपल्याकडे पुलाचा नकाशा एकदा मंजूर झाला की त्यात बदल होणं नाही. फ्रान्समध्ये 1996 च्या कायद्याने शहरातला रस्ता नवा करताना सायकलची सोय करणं बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान या पुलांपुरता तरी नियम व्हावा. दोन मीटरची, कठड्याने वेगळी केलेली वाट एवढंच मागणं आहे. ती फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी नाही. पलीकडच्या गावातल्या हायस्कूलला जाणाऱ्या मुली, मासळीची टोपली घेऊन पायी निघालेल्या बायका आजही खाडी ओलांडतात, आणि पूल झाल्यावर फेरीबोट बंद पडली तर त्यांना दुसरी वाट उरणार नाही. म्हणून पूल झाले तरी फेरीबोटी चालू ठेवाव्यात, हीसुद्धा विनंती.

ज्या पुलांचं काम सुरू आहे त्यांच्या आराखड्यात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी किती रुंदी धरली आहे, हे संबंधित खात्याने पावसाळ्यापूर्वी जाहीर करावं. आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न त्यांना विचारावा, अशी कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. गुहागर