अर्धवट राहिलेले वाक्य पुरे केल्याबद्दल

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या वॉटर्लू रोडवर, स्ट्रॉबेरी या ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या इमारतीसमोर, माझ्या धाकट्या भावाला फिट आली तेव्हा तुम्ही जसे वागलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र लिहिते आहे. तुमचा निरोप घेताना कंठ दाटून आला होता. आता लिहितानाही हात फारसा स्थिर नाही.

माझा भाऊ जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या संगीताकडे वळला तो स्वतःच्या अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचे, निदान झाल्यानंतर. त्यांच्या ‘अननोन प्लेझर्स’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्याला तो आपल्या मेंदूचा आलेखच वाटला होता. त्या रेषा १९६७ मध्ये शोध लागलेल्या एका पल्सारच्या, म्हणजे ठरावीक अंतराने स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, रेडिओलहरींच्या आहेत, हे त्याला नंतर कळले. बँडचा गायक इयन कर्टिस मॅक्लेसफील्डच्या रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याची नोकरी करत असे. तिथे येणाऱ्या, अपस्माराने ग्रासलेल्या एका तरुणीच्या आठवणीतून त्याने ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणे लिहिले, आणि डिसेंबर १९७८ च्या अखेरीस लंडनचा कार्यक्रम आटोपून परतताना गाडीत त्यालाच मोठी फिट आली. जानेवारी १९७९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच्या आजाराला तेच नाव मिळाले. माझ्या भावाने हे वाचले आणि त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी माझ्याशी मोकळेपणाने बोलला.

आमच्या शहरात जुन्या ध्वनिमुद्रिका एकत्र बसून ऐकणाऱ्यांचे एक मंडळ आहे. कर्टिसच्या रंगमंचावरील त्या झटक्यांच्या नाचावर, कधी नाच कुठे संपला आणि फिट कुठे सुरू झाली हे प्रेक्षकांनाही उमगत नसे यावर, तिथे तासन्‌तास भारावून बोलले जाई. त्याच बैठकीत माझ्या भावाला फिट आली, तेव्हा एकाने त्याच्या नाकाला चप्पल लावली, दुसरा दातांत चमचा घालू लागला, तिसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण केले. आणि आठवड्याभराने ‘त्याच्याच काळजीपोटी’ त्याने यापुढे येऊ नये असा निरोप आला. पन्नाशीकडे झुकलेली, वाचन असलेली ही माणसे होती. ज्या गायकाच्या वेदनेवर त्यांनी इतके प्रेम केले, तीच वेदना जिवंतपणी समोर आल्यावर त्यांना ती नकोशी झाली, हे मला आजही सहन होत नाही.

तुम्ही काय केलेत? त्याला कुशीवर वळवलेत, आपला कोट घडी करून डोक्याखाली ठेवलात, घड्याळ पाहत राहिलात आणि थांबू पाहणाऱ्यांना शांतपणे पुढे जायला सांगितलेत. एवढे केले असतेत तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण मला लिहायचे आहे ते त्यानंतरचे.

फिट येण्यापूर्वी तुम्ही आम्हाला एप्रिल १९७९ मध्ये तिथे झालेल्या ‘अननोन प्लेझर्स’च्या ध्वनिमुद्रणाविषयी सांगत होता. निर्माता मार्टिन हॅनेट ढोलांचा एकेक आवाज वेगळा काढून मुद्रित करी, स्टुडिओतल्या जुन्या लिफ्टची घरघर आणि काच फुटल्याचा आवाजही त्याने गाण्यांत वापरला, इथवर आपण आलो होतो. ‘इनसाइट’ या गाण्यात कर्टिसचा आवाज दूरवरून यावा म्हणून हॅनेटने, इतके तुम्ही म्हणालात आणि भाऊ कोसळला. तो शुद्धीवर आला, पाणी प्यायला, भिंतीला टेकून बसला. आता सगळे ‘कसं वाटतंय’ विचारणार, आपल्याकडे त्या विशिष्ट नजरेने पाहणार, हे गृहीत धरून त्याने मान खाली घातली होती. तुम्ही त्याच्या शेजारी जमिनीवर बसलात, त्याची नजर स्थिर होईपर्यंत थांबलात आणि म्हणालात, “तर तो आवाज त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून घेतला.”

ताई, त्या एका वाक्याने तुम्ही त्याला रुग्ण होण्यापासून वाचवलेत. तो हसला, आणि बँडमधले वादक बर्नार्ड सम्नर व पीटर हुक यांना ती ध्वनिमुद्रिका सुरुवातीला का आवडली नव्हती, हे त्याने विचारले. कार्यक्रमांतला आपला राकटपणा हॅनेटने पुसून टाकला असे त्यांना वाटले होते, हे तुम्ही समजावून सांगितलेत. गप्पा पुढे चालू राहिल्या.

कर्टिसभोवती दुष्ट माणसे नव्हती. तरीही ४ एप्रिल १९८० च्या रात्री तो लंडनमध्ये एकापाठोपाठ एक दोन ठिकाणी गायला आणि त्या रात्री त्याला फिट आली. पुढचे कार्यक्रम सुरूच राहिले. १८ मे रोजी, अमेरिका दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, तेविसाव्या वर्षी त्याने आपले जीवन संपवले. आपण तेव्हा थांबायला हवे होते, ही खंत हुक यांनी नंतर बोलून दाखवली आहे. कामाच्या, कौतुकाच्या आणि घाईच्या गर्दीत शेजारच्या माणसाकडे नीट पाहणारे कोणी असणे ही फार मोठी गोष्ट आहे, असे मला तेव्हापासून सारखे वाटते.

भावाने ‘क्लोजर’ या त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेविषयी काही प्रश्न लिहून ठेवले आहेत. ते तो तुम्हाला स्वतःच पाठवणार आहे; सवडीने उत्तर द्यावे. आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

आपली कृतज्ञ,
त्याची मोठी बहीण